जुन्या पॉप चार्टचा एखादा आठवडा अभ्यासताना या चुका टाळा

४ एप्रिल १९६४ या तारखेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिली पाचही स्थाने बीटल्स या ब्रिटिश बँडकडे होती: ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘प्लीज प्लीज मी’. या आठवड्याविषयी पुष्कळ लिहिले जाते; मात्र काही चुका इतक्या सर्रास होतात की त्यातला खरा इतिहास झाकला जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ही पाचही गाणी त्या सुमारास नव्याने आली होती, असे गृहीत धरणे. ‘प्लीज प्लीज मी’ ब्रिटनमध्ये जानेवारी १९६३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. बीटल्सची गाणी काढणाऱ्या ईएमआय या ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीच्या अमेरिकी कॅपिटॉल कंपनीने बीटल्सची सुरुवातीची गाणी नाकारल्यामुळे शिकागोची व्ही-जे आणि फिलाडेल्फियाची स्वान या लहान कंपन्यांनी ती काढली, आणि तेव्हा त्यांना फारसा उठाव मिळाला नाही. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी बीटल्सना पाहिले. त्या लाटेत ज्या कंपनीकडे जे गाणे होते, ते तिने जोमाने विकले. म्हणूनच या पाच तबकड्यांवर कॅपिटॉल, टॉली, स्वान आणि व्ही-जे अशी चार लेबले (तबकडी काढणाऱ्या कंपनीची छापील नावे) दिसतात. त्यांपैकी टॉली हे व्ही-जेचेच उपलेबल. कंपनीचे नाव न पाहता केवळ क्रमांक वाचला, तर वर्षभराची तुंबलेली गाणी एकदम मोकळी झाल्याचे लक्षातच येत नाही.

पहिल्या पाचांवर थांबणे हीसुद्धा चूकच. त्याच यादीत बीटल्सची एकूण १२ गाणी होती. त्यांतील ‘यू कान्ट डू दॅट’ ६५व्या स्थानी होते आणि ते ‘कान्ट बाय मी लव्ह’च्या तबकडीचीच दुसरी बाजू होते. त्या काळी हॉट १०० मध्ये दोन्ही बाजूंना स्वतंत्र क्रमांक मिळू शकत असे, त्यामुळे गाण्यांची संख्या म्हणजे तबकड्यांची संख्या नव्हे. ‘ऑल माय लव्हिंग’ आणि ‘रोल ओव्हर बीथोव्हन’ तर कॅनडातून आयात झालेल्या तबकड्यांच्या बळावर यादीत शिरली होती, हा तपशील मला विशेष मोलाचा वाटतो.

दोन ठिकाणी वेगवेगळे क्रमांक आढळले, तर आधी यादीचे नाव तपासावे. ब्रिटनमध्ये तेव्हा अनेक साप्ताहिके आपापल्या याद्या छापत असत. ‘प्लीज प्लीज मी’ ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये पहिले ठरले, परंतु ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये दुसऱ्या स्थानी राहिले. तारखेचेही तसेच आहे: अंकावर छापलेली तारीख आणि प्रत्यक्ष मोजणीचे दिवस एक नसतात, त्यामुळे तारखेशेजारी प्रकाशनाचे नाव नोंदवलेच पाहिजे.

शेवटची चूक तुलनेची. ५ नोव्हेंबर २०२२ च्या हॉट १०० मध्ये टेलर स्विफ्ट यांनी पहिली दहाही स्थाने मिळवली, ती एकाच नव्या अल्बममधील गाण्यांनी. डिसेंबर १९९८ पासून सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळी, स्वतंत्र विक्रीसाठी म्हणून न निघालेल्या गाण्यांनाही या यादीत प्रवेश आहे आणि आता ऑनलाइन ऐकणेही मोजले जाते. १९६४ मध्ये मात्र ग्राहकाला दुकानात जाऊन प्रत्येक तबकडीचे पैसे वेगळे मोजावे लागत. हे दोन विक्रम शेजारी मांडायचेच असतील, तर त्या-त्या काळचे मोजणीचे नियमही सोबत द्यावेत.