ईसीएचएस असूनही खिशातून पैसे का जातात? माजी सैनिकांनी उपचारांच्या खर्चाचा हिशेब कसा समजून घ्यावा

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. काही खासगी आरोग्य विम्यांत असतो तसा को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला रुग्णाचा ठरावीक वाटा, या योजनेत निवृत्तिवेतनधारकाला भरावा लागत नाही, आणि उपचारांच्या एकूण खर्चाला कमाल मर्यादाही नाही. तरीही सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, जिथे काही गावांत घरटी एखादा तरी फौजी सापडतो, डिस्चार्जच्या दिवशी मोठी रक्कम भरून आलेली कुटुंबे भेटतात. हे पैसे बहुतेक वेळा काही ठरावीक ठिकाणीच जातात आणि ती ठिकाणे आजारपण येण्याआधी ओळखून ठेवता येतात.

सुरुवात सदस्यत्वापासून करावी. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्या निवृत्तिवेतनधारकांना योजना सक्तीची आहे आणि तिची वर्गणी आयुष्यात एकदाच भरायची असते. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी ती ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांच्यासाठी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरमरण आलेल्यांच्या पत्नींना वर्गणी माफ आहे. सदस्य झाल्यावर दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता मात्र बंद होतो.

त्यानंतर कार्डावर कोणाकोणाची नावे आहेत ते तपासावे. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, नोकरीला लागेपर्यंत किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच अवलंबित मानला जातो. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. आईवडिलांचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असावे लागते. कुटुंबातला बदल वेळेवर न कळवता जुने कार्ड वापरले, तर झालेल्या खर्चाची वसुली मागे लागू शकते.

नेहमीच्या आजारपणात वाट सहसा पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्यातून जाते. तेथील वैद्यकीय अधिकारी तपासतात, औषधे देतात आणि गरज असल्यास सेनेच्या रुग्णालयाकडे किंवा योजनेच्या यादीवरील खासगी रुग्णालयाकडे रेफरल, म्हणजे तिकडे पाठवणारे पत्र देतात. रेफरल हातात पडताच त्यावर कोणत्या तपासणीचा किंवा उपचाराचा उल्लेख आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे तिथेच खिडकीसमोर उभे राहून वाचावे, कारण कागदावर नसलेली तपासणी परस्पर करून घेतली तर तिचा खर्च आपल्या अंगावर पडू शकतो. औषध शिल्लक नसेल, तर ते उपलब्ध नसल्याचा शेरा चिठ्ठीवर घेतल्याशिवाय बाहेरून खरेदी करू नये. त्या शेऱ्याविना परतावा मिळणे कठीण जाते.

खरी काळजी भरती होताना घ्यावी लागते. प्रत्येक कार्डावर वॉर्डाचा हक्क ठरलेला असतो : हवालदारापर्यंत सामान्य, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) निमखासगी आणि अधिकाऱ्यांना खासगी. दाखल होण्याच्या गडबडीत काउंटरवरचा कर्मचारी सह्यांसाठी पाच-सहा कागद एकदम पुढे सरकवतो. त्यांत वरच्या दर्जाच्या खोलीचे किंवा मंजूर किमतीपेक्षा महाग इम्प्लांटचे संमतीपत्र असू शकते आणि त्यावर सही झाली की फरकाची रक्कम रुग्णाचीच होते. म्हणून नातेवाइकाने प्रत्येक कागद वाचावा आणि ‘हे ईसीएचएसच्या दरात बसते का’ हा एकच प्रश्न न संकोचता विचारावा. ज्यांनी उमेदीची वर्षे सीमेवर काढली, त्यांनी हक्काची गोष्ट विचारताना ओशाळण्याचे काहीही कारण नाही. यादीवरील रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली, तर पैसे भरण्याआधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना फोन करावा.

तातडीच्या प्रसंगी रेफरलची वाट पाहायची नसते. यादीवरील रुग्णालय असेल, तर कार्ड दाखवून थेट दाखल व्हावे. योजनेला कळवण्याचे काम रुग्णालय करते. यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले, तर मात्र जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांच्या आत कळवणे ही कुटुंबाची जबाबदारी असते. तेथील बिल आधी स्वतः भरावे लागते आणि परतावा सरकारी मंजूर दरानेच मिळतो. समजा, एका निवृत्त हवालदाराच्या छातीत मध्यरात्री कळ आली, जवळच्या यादीबाहेरच्या रुग्णालयाचे बिल १,४०,००० रुपये झाले आणि त्याच उपचारांचा मंजूर दर ९०,००० रुपये आहे. तर उरलेले ५०,००० रुपये त्यांचेच गेले. म्हणून प्रकृती स्थिर होताच, डॉक्टरांची परवानगी असल्यास, यादीवरील रुग्णालयात हलवण्याचा विचार लवकर करावा. मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज समरी आणि प्रसंग तातडीचा होता असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, हे सारे एकाच फाइलमध्ये ठेवून दावा लगेच पॉलिक्लिनिकमध्ये दाखल करावा. दावा देण्यापूर्वी प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी राहील असे पाहावे.

सत्तरी ओलांडलेल्यांपुढे आता आणखी एक निवड असते. आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण घ्यायचे की ईसीएचएसमध्ये राहायचे, यांपैकी एकच पर्याय त्यांना स्वीकारता येतो. नव्या कार्डासाठी गावात शिबिर लागले म्हणून लगेच अंगठा देऊ नये. खर्चाला मर्यादा नसलेली योजना सोडण्यापूर्वी पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन विचारपूस करावी. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही आणि म्हणून ईसीएचएसही नाही, अशा माजी सैनिकांनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सेवामुक्त होताना मिळालेली पुस्तिका घेऊन जावे. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून हवालदारापर्यंतच्या अशा माजी सैनिकांना औषधोपचारासाठी, तसेच गंभीर आजारांसाठी स्वतंत्रपणे अनुदान मिळते आणि त्याचे अर्ज याच कार्यालयामार्फत पुढे जातात.