बडोद्यात मराठी चालतं, तरी गुजराती शिकाच

एम.एस्सी. झाली, बडोद्याच्या औषध किंवा केमिकल कंपनीची ऑफर आली की घरचे म्हणतात, ‘‘काळजी कसली, तिथे आपली माणसं आहेत.’’ खरंच आहेत. गायकवाडांचं राज्य इथे दोनशेहून जास्त वर्षं होतं. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत कित्येक पिढ्यांपासूनची मराठी घरं आहेत, गणपती थाटात बसतात, २०१८ चं मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं. मी सांगलीहून क्वालिटी कंट्रोलमध्ये रुजू झाले तेव्हा सुरुवातीला दांडिया बाजारातल्या एका काकूंकडे पेइंग गेस्ट होते. कामावरून आलं की वरणभात आणि ‘‘दमलीस का गं?’’ ही चौकशी. परक्या गावात असे दिवस मिळाले तर ते जरूर घ्यावेत.

पण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने एकच सांगते, गुजराती टाळू नका. रिक्षावाला, बँक, भाजीवाली, सगळ्यांशी हिंदीत निभावतं, त्यामुळे गुजराती शिकायची वेळच येत नाही. वर्षानुवर्षं इथे राहून दुकानाची पाटी वाचता न येणारी मराठी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं काही अडत नाही, पण कामाच्या ठिकाणचं निम्मं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं.

कारखान्यात कागद इंग्रजीत असतो. एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) इंग्रजी, बॅच रेकॉर्ड (प्रत्येक घाण्याची नोंद) इंग्रजी, ऑडिट इंग्रजी. मशीनवरची माणसं मात्र पादरा, सावली, वाघोडिया या तालुक्यांतल्या गावांहून येतात आणि आपापसांत गुजरातीच बोलतात. पावसाळ्यात गोळ्यांच्या कॉम्प्रेशन मशीनवर पावडर पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या दांड्याला, चिकटते, गोळीवरची अक्षरं पुसट येतात. एका रात्रपाळीत मी सॅम्पल घ्यायला गेले तेव्हा ऑपरेटर शेजारच्याला म्हणत होता, ‘‘पावडर चोंटे छे, मालमां भेज छे.’’ म्हणजे पावडर चिकटतेय, मालात ओलावा आहे. मला ते समजलं, म्हणून मी मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं की कधीपासून? मग त्यांनी सगळं सांगितलं. कोणत्या ड्रमपासून सुरू झालं, त्या आधी खोलीतली हवा कशी दमट वाटत होती, पंच कितीदा पुसावा लागला. त्या ड्रममधला ओलावा तपासला तर खरोखरच जास्त निघाला. यातलं फार थोडं रेकॉर्डच्या रकान्यांत उतरलं असतं. अनुभवी ऑपरेटरला जे हाताने आणि कानाने कळतं, ते तो स्वतःच्याच भाषेत नीट सांगतो. नवीन केमिस्टसाठी यासारखी दुसरी शाळा नाही.

मराठी माणसाला गुजराती अवघड नाही. आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरकही आहे. हिंदी भाषकाला जिथे अडखळायला होतं तिथे आपण सहज पुढे जातो. लिपीला वरची रेघ नाही, एवढ्यानेच आपण बिचकतो. ग, न, म, प, व, स ही अक्षरं जवळजवळ आपलीच आहेत. क, ख, च, ज, फ, ब, भ, ल, अ, इ ही नीट घोटली की पाट्या वाचता येतात. पाचाचा आकडा तेवढा हुबेहूब ‘प’सारखा दिसतो, तो लक्षात ठेवा. सरावाला बसच्या पाट्या आणि वर्तमानपत्राचे मथळे पुरतात. मांडवी भागातली सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केली, तिथली गुजराती बालपुस्तकं मला फार उपयोगी पडली. स्वतः सयाजीराव १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा त्यांनाही मराठीबरोबर गुजराती शिकवली गेली होती.

बोलताना मोठ्यांना ‘तमे’च (तुम्ही) म्हणा. नावापुढे भाई किंवा बेन लावायची इथली रीत साहेबांनाही लागू आहे. मला आधी ते सलगीचं वाटायचं, आता त्यातला आदर कळतो.

शिकायला येणाऱ्यांसाठी थोडक्यात. एम.एस. म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत शिक्षण इंग्रजीतून चालतं. महाराष्ट्रातलं विद्यापीठ सोडताना मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा, इथून ते मागवत बसणं त्रासाचं होतं. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर गुजरात राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत, तेव्हा त्या हिशेबाने येऊ नका.

घर बघताना दोन गोष्टी पहिल्याच भेटीत विचारा. मांसाहार चालेल का, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच सोसायट्यांत चालत नाही आणि नंतर वाद होतात. दुसरी गोष्ट विश्वामित्रीची. ही नदी शहराच्या मधून वाहते आणि आजवा तलावाचं पाणी सोडलं की फुगते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात फतेगंज, समा, वडसर या भागांत घराघरांत पाणी शिरलं होतं. नदीत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येतात. ‘इथे पाणी भरतं का?’ हे दलालाला न विचारता खालच्या किराणा दुकानात विचारा. भरत असेल तर भाडं कितीही कमी असो, तळमजला घेऊ नका.

जेवणातल्या गोड डाळीची जिभेला सवय होते. नाहीच झाली तर सेवउसळ आहे. वर तिखट तरी घालून घेतली की कोल्हापूर-सांगलीच्या माणसाचं समाधान होतं.

सुट्ट्यांचं गणित मात्र आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्या दिवाळी पाडव्याला इथे नवं वर्ष सुरू होतं आणि लाभपंचमीपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बरीच दुकानं बंद असतात. त्या दिवसांसाठी घरात किराणा आणि औषधं भरून ठेवा. गावी जायचं असेल तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी तिकीट काढा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असतं. पतंग उडवायला सगळं गाव गच्चीवर असतं, कुणीतरी तुम्हालाही बोलावेलच, जरूर जा. त्याच्या आधीच्या आठवड्यापासून दुचाकी चालवताना गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळा आणि हँडलवर तारेची कमान बसवून घ्या. ती रस्त्याच्या कडेला विकत मिळते आणि पाच मिनिटांत बसवून देतात. मांजा डोळ्यांना दिसत नाही, दरवर्षी त्याने माणसं जखमी होतात.