स्प्लेंडरनंतर कुठली? आधी ढकलून बघा

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात माझी नेहमी फजिती व्हायची. डबलसीट, टाकीवर पिशवी, मागे हॉर्न मारणारा ट्रक. स्प्लेंडर तिसऱ्यात धापा टाकायची आणि दुसऱ्यात रांगायची. नऊ वर्षांनी ठरवलं, आता मोठी गाडी. तुम्हीही तिथवर आला असाल तर सीसीवरून, म्हणजे इंजिनच्या आकारावरून, सुरुवात करू नका. वजनावरून करा.

स्प्लेंडर 112 किलोची, रॉयल एनफील्डची क्लासिक 350 आहे 195 किलोची. मधला फरक 83 किलो, म्हणजे एक खातापिता माणूस. चालत्या गाडीवर तो जाणवत नाही, पार्किंगमधून मागे ओढताना जाणवतो. यवतेश्वरच्या उतारावर साइड स्टँड काढताना मित्राची क्लासिक मी आडवी केली. एक आरसा, एक इंडिकेटर आणि महिनाभर टोमणे. म्हणून शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून गाडी आधी चढावर उलटी ढकलून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या, घरी ती त्याला लावायची नाही. मी पाच फूट पाच. क्लासिकच्या 805 मिलिमीटर उंच सीटवर माझे चवडे टेकतात, टाचा नाही. सपाटीला चालतं, पण खडीवर घाम फुटतो.

ताकदीचं गणित मात्र मला उशिरा कळलं. क्लासिकची ताकद सुमारे 20 हॉर्सपॉवर. बजाजच्या पल्सर एन160 ची 16, पण वजन 154 किलो. भागून बघा, दोन्हींत साधारण दहा किलोमागे एक हॉर्सपॉवर पडते. स्प्लेंडरच्या आठला 112 किलो ओढायचे असतात. म्हणजे पळण्यापुरतं 160 वाल्याने 350 समोर मान खाली घालायचं कारण नाही. फरक टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या ओढीचा आहे: क्लासिकचा 27 न्यूटन मीटर, एन160 चा 14.65. घाटात डबलसीट असताना 350 वरच्या गिअरमध्येही ओढत राहते, 160 ला गिअर पाडावा लागतो. रोज डबलसीट घाट असेल तर 350 घ्या. माझा घाट महिन्यातून दोनदा, बाकी रोज साताऱ्यातला पोवई नाका. मी एन160 घेतली.

350 सीसीच्या पुढे जाताना खिसा चाचपा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के, त्यापुढे 40. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा मूळ दर 150 ते 350 सीसीला 1366 रुपये, 350 च्या वरच्यांना 2804. तारांची चाकं दिसायला झकास, पण बहुतेकांत ट्यूब असते. पंक्चर झाल्यावर कळतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, दोन्ही चाकांना आहे का, हेही विचारा. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. या गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. टेस्ट राइडला दुसऱ्यातून तिसरा टाकायला मी सवयीने पंजा दाबला आणि पहिला पडला. मागचं चाक किंचाळलं, माझं काळीज त्याहून मोठ्याने. म्हणून पहिली टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर घ्या आणि गाडी घरी आणल्यावर पंधरा दिवस मागे कुणाला बसवू नका. पुढचा डिस्क ब्रेकही दोन बोटांनी दाबा. स्प्लेंडरच्या ड्रम ब्रेकच्या सवयीने अख्खी मूठ आवळलीत तर गाडी नाक खुपसते.

दुसरी टेस्ट राइड मात्र डबलसीटच. मागच्या सीटचा निकाल आमच्याकडे बायकोने दिला. एक गाडी तिने पाच मिनिटांत नापास केली, कारण धरायला काहीच नव्हतं.

स्प्लेंडर मी एक्सचेंजला दिली नाही. जी किंमत सांगितली ती ऐकून तिलाच वाईट वाटलं असतं. दळणाला अजून तीच जाते.