नवापूरला यायच्या आधी

तुम्ही दोघं मुलांना घेऊन जूनमध्ये आमच्या मिशन दवाखान्यात रुजू होणार, हे कळल्यापासून लिहायचं मनात होतं. मी राहुरीकडची. मिस्टर इथं लॅबमध्ये लागले आणि आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या या नवापूर तालुक्यात आलो, त्याला आता १९ वर्षं झाली. निघताना आई म्हणाली होती, महाराष्ट्रातच तर जातेस. पण पहिल्याच बाजारात भाजीवाल्या बाईचं एक वाक्य मला कळेना, आणि परक्या मुलखात आल्यासारखी मी पिशवी धरून उभी राहिले.

भाषेपासूनच सांगते. नवापूरच्या आसपास मावची बोलतात, पुढं धडगावकडे पावरी. धुळे-जळगावच्या सपाटीवर अहिराणी, तिथं ‘आहे’चं ‘शे’ होतं आणि ‘मला’चं ‘माले’. दुकानात गुजराती चालते, कारण गुजरात इथून हाकेवर आहे. नवापूरच्या स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. पेशंटशी बोलायला दवाखान्यातल्या सिस्टर मदत करतील, पण ते पुरत नाही. रोज संध्याकाळी शेजारणीजवळ अर्धा तास बसा आणि ती बोलेल ते ऐका. तुमची मुलं चार-सहा महिन्यांत बोलायला लागतील, तेव्हा त्यांना विचारायला लाजू नका. मला ‘पोटात कुठं दुखतं’ हे मावचीत माझ्या मुलीनं शिकवलं.

सकाळी लवकर उठावं लागतं. ओपीडीच्या आधी प्रार्थना असते आणि लांबच्या पाड्यांवरचे लोक उजाडायच्या आत येऊन व्हरांड्यात बसलेले असतात. दादांना जेवायला वेळेवर घरी येता येईल, असं धरून चालू नका. ताई, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. नेमणूक नवऱ्याची असते, पण लोक दार तुमचं वाजवतात. कुणाला पेशंटसाठी गरम पाणी हवं असतं, कुणाला चिठ्ठी वाचून हवी असते, कुणाला नुसतं रडायचं असतं. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांना ‘या’ म्हणत गेले आणि आजारी पडले. आता दुपारी दोन ते चार दार लावून घेते. सगळ्यांना ते ठाऊक झालंय आणि कुणी वाईट मानलेलं नाही.

आता कोंबडीची गोष्ट. आमच्या पहिल्या कापणीच्या सणाला मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, भोपळे, भात, तूर, अंडी असं काय काय अर्पण आलं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव झाला. एक म्हातारी कोंबडी घेऊन आली होती, पण ती लिलावाची नव्हती. ती तिनं माझ्या हातात दिली. तिच्या नातवाला दवाखान्यात बरं वाटलं होतं. तिचं लुगडं विरलेलं होतं, ते पाहून मी म्हटलं, ‘आजी, राहू द्या, तुम्हालाच लागेल.’ ती काही बोलली नाही. कोंबडी परत काखेत घेऊन निघून गेली आणि नंतर कित्येक महिने मला पाहिलं की वाट बदलायची. शेवटी चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, मला समजावलं, की मी तिला गरीब म्हटलं होतं. पुढच्या पावसाळ्यात मी तिच्या घरी गेले, जमिनीवर बसून भाकरी आणि उडदाची डाळ जेवले, तेव्हा ती हसली. आपण सेवेला आलोय हे खरं. पण इथली मंडळी आपल्या आधीची आहे. अमेरिका आणि स्वीडनहून मिशनरी या भागात आले त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आणि आजचे पाळक इथलेच आहेत, गावित, वळवी, वसावे. तुम्हाला कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्या.

फोटोंचंही तसंच. मिशनला अहवाल पाठवताना आजारी लेकराचा फोटो टाकायचा मोह होतो. आईबापाला विचारल्याशिवाय काढू नका. आणि ‘हो’ म्हटलं तरी आपल्या लेकराचा तसा फोटो कुणी पाठवलेला चालेल का, ते एकदा मनाशी विचारा.

इथं पाऊस धुळ्यापेक्षा पुष्कळ पडतो, म्हणून भातशेती दिसेल. पावसाळ्यात साप निघतात. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा कधीकधी कळतही नाही, तेव्हा जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा आणि बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नका. उन्हाळ्यासाठी कूलर लागेलच, तो इथंच घेता येईल. खेड्यातलं काम दिवाळीच्या आधी किंवा होळीच्या सुमारास ठेवा. मधल्या महिन्यांत पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, घरी म्हातारीकोतारी उरतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं सगळं वेळापत्रक यावरच बसवावं लागतं. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो आजार व्हायची शक्यता चारात एक असते, आणि लग्नाआधी तपासायचं तर तरुण पोरं गावात असायला हवीत.

मुलांच्या शाळेची काळजी करताय, असं पाळकसाहेब म्हणाले. शाळा आहे, बरी आहे. अवघड जाते ती आजी-आजोबांची आठवण. आम्ही दर नाताळला राहुरीला जायचा हट्ट धरला होता, पण दवाखाना सुटेना. मग सासूबाईंनाच इकडे बोलावलं. त्या तीन महिने राहिल्या आणि जाताना शेजारणीकडून बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा भरून घेऊन गेल्या. तुम्हीही पहिल्याच वर्षी बोलवा.

भांडी फार आणू नका. पोरांची पुस्तकं, जाड चादरी आणि पेटी वाजवत असाल तर पेटी आणा. भुसावळकडून येणारी गाडी नवापूरला फार वेळ थांबत नाही, तेव्हा आधीचं चिंचपाडा स्टेशन गेलं की सामान दाराशी आणून ठेवा. आम्ही फलाटावर असू, जेवण आमच्याकडे.