पीएलजीए नॅनोकण: लायगंडला दोष देण्याआधी या चुका टाळा

पीएलजीए या पॉलिमरचे, औषध भरलेले कण पेशीत शिरत नाहीत म्हणून घाईने लायगंड (कणाला ठरावीक पेशीकडे नेण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर जोडलेला रेणू) बदलू नका. बऱ्याचदा घोळ त्याआधीच झालेला असतो.

सुरुवात बाटलीपासून. पावसाळ्यात खारघर-बेलापूरच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. उणे २० अंशांवरची पीएलजीएची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली की आत दव धरतं, आणि हे पॉलिमर तुटतं ते पाण्यानेच. बाटली बंदच ठेवून सिलिका जेलच्या डब्यात तासभर राहू द्या, मग झाकण काढा. लेबलही वाचा. एस्टर टोकाचं पीएलजीए मागवलं असेल तर पेप्टाइड किंवा अँटिबॉडी जोडायला मोकळा कार्बॉक्सिल गट मिळणारच नाही.

ईडीसी-एनएचएसने (कार्बॉक्सिल गट अमाइनशी जोडणारी रसायनं) लायगंड जोडताना ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वापरू नका. ट्रिसचा अमाइन गट लायगंडच्या आधी जागा पटकावतो. आधी एमईएस बफर, पीएच ५.५ च्या आसपास. लायगंड घालताना फॉस्फेट, पीएच ७.४.

सर्वांत फसवा आकडा 'कणांत ९५ टक्के औषध'. हळदीतल्या करक्युमिनचंच घ्या. सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या पाण्यात औषध सापडलं नाही, म्हणजे सगळं कणांत गेलं, असा हिशोब सर्रास मांडला जातो. पण करक्युमिन पाण्यात विरघळतच नाही. कणांबाहेर राहिलेलंही स्फटिक होऊन तळाशीच बसतं. म्हणून पीएलजीए न घालता एक बॅच करा: तेवढंच ॲसिटोन, तेवढंच औषध, तेच १ टक्का पीव्हीए (कण चिकटू न देणारं पॉलिमर), तोच वेग. तळाशी पिवळा थर आला, तर तुमच्या ९५ मध्ये स्फटिकही मोजले गेले असण्याची दाट शक्यता आहे. खऱ्या बॅचचा एक थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली पाहा; नॅनोकण तिथे दिसत नाहीत, स्फटिक दिसतात.

आकार निव्वळ पाण्यात १५० नॅनोमीटर आला म्हणून खूश होऊ नका. पीबीएसमध्ये (मीठ घातलेला फॉस्फेट बफर) आणि १० टक्के सीरममध्ये, ३७ अंशांवर, २४ तासांनी पुन्हा मोजा. नुसत्या सीरमचं मोजमापही घ्या, प्रथिनंही सिग्नल देतात. हीच प्रथिनं कणावर थर धरून लायगंड झाकतात. प्रबंधात 'औषध फक्त कर्करोगाच्या गाठीतच जातं' असं तर लिहूच नका: २०१६ च्या एका आढाव्यात टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक ०.७ टक्के निघाला होता. बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच अडवतात.

फ्रीझ-ड्राय करताना ५ टक्के ट्रेहॅलोज (एक साखर) घाला, नाहीतर कण एकमेकांना चिकटतात. भुकटी पाण्यात हलक्या हाताने मिसळून मोजलेला आकार आधीच्या आकाराच्या जवळपासच यायला हवा.