या चुका टाळा: क्रूझ थांबलीय, समोर जुनं बंदर आहे आणि हाती फक्त काही तास

पत्रकात लिहिलेलं असतं, जहाज सकाळी आठला धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल. वाचणारा नऊ तास मोजतो आणि बहुतेकांचा दिवस इथूनच बिघडायला लागतो. जहाज धक्क्याला लागलं तरी बंदरातल्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाच उतरता येत नाही. मग उतरणाऱ्यांची रांग. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही आधीची. त्याआधीचा एक तास वाटेतल्या खोळंब्यासाठी राखून ठेवला, की शहरासाठी फार तर सहा-साडेसहा तास उरतात.

म्हणून आखणी नेहमी शेवटाकडून करावी. आधी परतीची वेळ कागदावर लिहा, त्यातून प्रवासाचा वेळ आणि राखीव तास वजा करा. जो आकडा येईल, त्या वेळेला तुम्ही शहराच्या वेशीतून बाहेर पडलेले असला पाहिजेत. मग उरलेल्या वेळात काय बसतं ते बघा.

जहाज बंदरात शिरताना झोपून राहणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि तिची हळहळ कोणाला वाटतही नाही, कारण आपलं काय हुकलं हेच कळलेलं नसतं. जुनी बंदरं समुद्राकडून येणाऱ्यासाठी बांधलेली असतात. बुरूज, दीपस्तंभ, मुख्य दरवाजा, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे असतात. विमानाने येऊन टॅक्सीने शहरात शिरणाऱ्याला ते दर्शन मिळत नाही. तुम्हाला ते आयतं मिळतंय.

माँटेनेग्रोतल्या कोटोरचंच बघा. जहाज डोंगरांमधून वळणं घेत आत जातं, साडेतीनशे मीटरपेक्षाही अरुंद अशा वेरिगेच्या चिंचोळ्या वाटेतून पुढे सरकतं, आणि पेरास्ट गावासमोरची दोन छोटी बेटं, त्यांवरच्या चर्चसह, बाजूने जातात. मग डोंगरावर चढत गेलेली कोटोरची तटबंदी दिसते. हे शहर इतक्या आत, इतकं सुरक्षित का वसलं, हे त्या तासाभरात डेकवर उभं राहून जेवढं समजतं तेवढं कुठल्याही फलकावरून समजत नाही.

माल्टातल्या व्हॅलेटालाही तसंच. ग्रँड हार्बरमध्ये शिरताना एका हाताला सेंट अँजेलोचा किल्ला आणि दुसऱ्या हाताला व्हॅलेटाचे तट असतात. 1565 मध्ये ऑटोमन सैन्याने इथे वेढा घातला. तो उठल्यावर, 1566 मध्ये, माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी समोरच्या उघड्या टेकडीवर नवं शहर वसवायला घेतलं. वेढा कुठे पडला आणि शहर तिथेच का बांधलं, याचं उत्तर समोर मांडलेलं असतं. आदल्या रात्री जहाजावर विचारून ठेवा, बंदरात शिरायला किती वाजता सुरुवात होणार, आणि त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावा.

बंदराचं नाव एक, शहर भलतीकडे

कार्यक्रमात ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिविटावेकियाला, रोमपासून सुमारे 70-80 किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, सुमारे 90 किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास 200 किलोमीटर! दोन्ही बाजूंचा प्रवास धरला तर पॅरिसमध्ये जेमतेम धावपळ उरते. अशा वेळी मी बंदराच्या गावातच राहण्याच्या बाजूने आहे. रोमला जायचंच असेल तर एकच भाग निवडा आणि परतीची एक गाडी चुकली तरी पुढची वेळेत मिळेल, असं बघूनच निघा.

अंतर कमी असलं तरी फसगत होते. क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकमध्ये मोठी जहाजं लागतात ग्रुझच्या बंदरात आणि जुनं शहर तिथून साधारण तीन किलोमीटर. बस मिळते, पण एकापेक्षा जास्त जहाजांची माणसं एकाच वेळी बसथांब्यावर आली की चालत जाणारा आधी पोचतो.

सगळे जातात त्याच दारातून जाणं

डुब्रॉव्हनिकची तटबंदी 1,940 मीटर लांब आहे आणि पूर्ण फेरी मारण्यासारखी आहे. बस उतरवते पिले दरवाज्याशी, त्यामुळे सगळी गर्दी तिथल्याच जिन्यावर. तटावर चढायला पूर्वेकडे प्लोचे दरवाज्याच्या बाजूलाही वाट आहे आणि सेंट जॉनच्या बुरुजापाशीही. वर एकाच दिशेने चालू देतात, सावली जवळपास नाही. उन्हाळ्यात अकरानंतर तट चढायचा बेत केला तर अर्ध्या वाटेत पाणी संपतं आणि मागेही फिरता येत नाही. तट आधी, गल्ल्या नंतर.

प्लोचेकडे गेलात तर एक गोष्ट बघायला विसरू नका. 1377 मध्ये या शहराने कायदा केला, की साथीच्या भागातून आलेल्यांनी आधी 30 दिवस बाहेर वेगळं राहायचं, मगच आत यायचं. त्यासाठी पुढे बांधलेल्या लाझारेती नावाच्या इमारती प्लोचे दरवाज्याबाहेर अजून उभ्या आहेत. क्रूझवरून उतरलेल्या माणसाने तरी त्या पाहाव्यातच, असं मला मनापासून वाटतं, आणि तिथे गर्दीही कमी असते.

त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत, हे बहुतेक बंदरांच्या वेळापत्रकात आधी कळतं. एकच असेल तर निवांत निघा. चार असतील तर पहिल्या तासातच बाहेर पडा.

वार न बघणं

व्हॅलेटाचं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. इटालियन चित्रकार काराव्हॅज्योचं 1608 मधलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र तिथे आहे. त्यासाठीच उतरलात आणि वार रविवार निघाला तर काय करणार? इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, लिस्बनची बरीच संग्रहालयं सोमवारी. जहाजाचा वार तुम्ही बदलू शकत नाही, म्हणून दुसरा बेत तयार हवा. कपड्यांचंही आधी बघा. खांदे उघडे असतील तर चर्चमध्ये अडवतात, आणि को-कॅथेड्रलमध्ये संगमरवरी थडग्यांची फरशी जपण्यासाठी टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत.

लाँचने उतरायचं असेल तेव्हा

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही. माणसं छोट्या लाँचने फिरा गावाच्या पायथ्याशी उतरतात. वर जायला केबल कार किंवा जवळपास 600 पायऱ्या. सकाळची रांग सगळ्यांना दिसते, दुपारची कोणी हिशेबात धरत नाही. परतताना रांग फार लांब असेल तर वाट बघू नका, पायऱ्यांनी उतरा. गुडघे धड असतील तर अर्ध्या तासात खाली याल. पायऱ्यांवर गाढवांची ये-जा असते, बूट पकड असलेले हवेत.

घड्याळ, फोन, कागद

इटलीहून ग्रीसला गेलात की घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, जहाजाची वेळ बदलेलच असं नाही. उतरताना जहाजाच्या दारावरच्या घड्याळाशी साधं मनगटी घड्याळ जुळवून घ्या आणि दिवसभर तेच बघा. समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवा, नाहीतर जहाजावरचं उपग्रह नेटवर्क पकडून मोठं बिल येतं.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच परवान्यावर फिरू देणारा व्हिसा) जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट तपासावी. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. डुब्रॉव्हनिकहून कोटोरला गेलात आणि पुढे इटलीत उतरायचं असेल, तर तो दुसरा प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे अडचणीत आणतो.

जहाज सुटलंच तर

जहाजाने आखलेल्या सहलीवर असाल आणि उशीर झाला, तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत सोय केली जाते. स्वतः फिरत असाल तर खर्च तुमचा. त्या दिवसाच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटाचा, म्हणजे जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा, नंबर असतो. उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. उशीर होणार असं दिसताच त्याला फोन करा, जहाज गेल्यावर नव्हे. पासपोर्ट केबिनमध्येच राहिला असेल, तर पुष्कळदा कर्मचारी तो काढून एजंटाकडे देऊन जातात. तेव्हा विमानतळाकडे धावण्याआधी एजंटाच्या कार्यालयात जा.