हरणांसाठी पहिला चारापट्टा : पेरा जूनचा, हिशोब मार्चचा

शहापूर, मुरबाड, वाडा, कर्जत भागात मुंबईकरांनी घेतलेल्या बऱ्याच जमिनी जंगलाला लागून आहेत. तिथे हरणे यावीत म्हणून पावसाच्या तोंडावर चारा पेरला जातो, आणि दसऱ्यापर्यंत पट्ट्याकडे कुणी फिरकत नाही. आषाढ-श्रावणात अख्खा डोंगरच हिरवा असतो, तेव्हा तुमच्या पाच गुंठ्यांची गरज कुणाला? जनावराला चणचण भासते ती फेब्रुवारी ते मे. म्हणून पहिल्या वर्षी जूनमध्ये जे लावायचे ते मार्चमध्ये काय उभे राहील हे पाहून निवडा.

कोण येईल याचाही अंदाज आधी घ्या. या भागात मुख्यतः भेकर हे लहान हरीण येते. ते कोवळे शेंडे, पाने आणि झाडाखाली पडलेली फळे खाते, नुसत्या गवतावर राहत नाही. चितळाला गवत लागते. सांबर दोन्ही खाते, पण दाट रानाची कड सोडून सहसा बाहेर येत नाही. भेकराच्या भागात निव्वळ गवताचे कुरण केले तर ते गावच्या गुरांनाच उपयोगी पडेल.

जागा घरापासून आणि गोठ्यापासून किमान दोनशे मीटर दूर असावी. वाहता रस्ता मध्ये येऊ देऊ नका. हरीण आले की मागोमाग बिबट्या येऊ शकतो, हे बोरिवली-गोरेगावकरांना वेगळे सांगायला नको. त्याच कारणाने आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या सोसायटीत असला पट्टा करूच नये. मोकाट कुत्री असतील तिथेही नको. कुत्र्यांच्या टोळीपुढे भेकराचा टिकाव लागत नाही.

दाणे, खडेमीठ, गूळ असे काहीही टाकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते. शिवाय एका जागी तोंडे लागली की रोग पसरतात. उगवलेले गवत ही वेगळी बाब आहे, तरीही नांगर घालण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवा.

मे महिन्यात रानमोडी आणि घाणेरी ही तणे मुळासकट उपटा. कोयत्याने नुसती छाटली तर पहिल्या पावसात दुप्पट फुटते. जाळू नका, वणव्याला निमित्त लागत नाही. मातीचा नमुना आठ-दहा जागांवरून, इंग्रजी व्ही आकाराच्या खड्ड्यातून, १५ ते २० सेंमी खोलीपर्यंतचा घ्या आणि एकत्र करून अर्धा किलो तपासणीला द्या. डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत चौकशी करा. इथली तांबडी जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते. चुना घालायचा तो अहवाल हातात आल्यावरच. गुंठ्याला १०० किलो कुजलेले शेणखत आणि अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. युरिया पहिल्या वर्षी नको. त्याने टाकळ्याचे तण माजते आणि सांडलेला युरिया रवंथ करणाऱ्या जनावराला विषारी ठरतो.

पाच गुंठ्यांपैकी तीन गुंठ्यांत मारवेल गवत लावा, दोन गुंठ्यांत स्टायलो हमाटा. मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब ४५ बाय ३० सेंमीवर लावायचे. गुंठ्याला साधारण साडेसातशे ठोंब लागतात. स्टायलो हे शेंगवर्गीय पीक हलक्या, आम्ल जमिनीत तग धरते आणि पाऊस सरल्यावर गवताहून जास्त दिवस हिरवे राहते. पाणी साचलेले मात्र त्याला खपत नाही, म्हणून ते उताराच्या वरच्या अंगाला घ्या. ते बाहेरून आलेले आहे, तेव्हा आपल्या बांधाच्या आत ठेवा, जंगलात बी उधळू नका.

स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. ८० अंश सेल्सिअस पाण्यात तीन-चार मिनिटे बुडवून काढा, मग रात्रभर थंड पाण्यात ठेवा. सावलीत सुकवून किलोला २५ ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळा. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले बियाणे या कामाला वापरूच नका. गुंठ्याला १०० ग्रॅम बी पुरते. एवढेसे बी हाताने सारखे पडत नाही, म्हणून चौपट चाळलेल्या वाळूत मिसळा आणि उताराला आडव्या ओळींत टाका. खोली एक सेंटिमीटरहून जास्त नको. फोकून पेरलेले बी जुलैच्या एका सरीत वाहून खालच्या कोपऱ्यात गोळा होते. स्टायलो उगवत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तो कोपरा पाहावा.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो, पण पहिल्या सरीवर पेरू नका. जमीन वीतभर भिजली की, बहुधा आर्द्रा नक्षत्रात, सुरुवात करा. पहिले सहा-आठ आठवडे स्टायलो फारच हळू वाढतो. २५ आणि ४५ दिवसांनी निंदणी चुकली तर पट्टा टाकळ्याचा झाला म्हणून समजा.

चवळी पेरायला हरकत नाही, पण ती दिवाळीआधीच संपते. ज्वारी टाळा, कारण कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ताटांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल असते. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या अंगओलीवर वाल पेरण्याचा मोह होईल. हरणांना तो आवडतोही, आणि नेमकी तीच अडचण आहे: इथे चव लागली की पुढचा घास शेजाऱ्याच्या वालाचा. गावाशी वाकडे घेऊन हरणे राखता येत नाहीत.

उन्हाळ्याची खरी बेगमी झाडांत आहे. कडेने आवळा, उंबर, बेहडा, अंबाडा यांची रोपे याच जूनमध्ये लावा. ४५ सेंमीचा चौकोनी खड्डा, दोन घमेली शेणखत, सहा-सात मीटर अंतर. फळे दिसायला वर्षे जातील, म्हणून हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

पट्टा रुजेपर्यंत, निदान दोन महिने, गुरे आणि हरणे दोन्ही बाहेर ठेवा. त्यासाठी बोरीच्या काट्यांचा वईसारखा कूड, म्हणजे कुंपण, चांगला. कोळीवाड्यातून मिळणारी जुनी मासेमारीची जाळी स्वस्त पडते, पण ती लावू नका. चितळाची शिंगे त्यात अडकतात, सापही अडकून मरतात. काटेरी तारही नको. पुढेही गावची गुरे पट्ट्यात सोडू नका, लाळ्या-खुरकूत त्यांच्याकडूनच हरणांना जायची.

बी झडल्यावर, नोव्हेंबरात, निम्मे गवत कापा आणि निम्मे उभे ठेवा. जानेवारी संपायच्या आत पट्ट्याभोवती तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, साफ झालीच पाहिजे.

याच सुमारास मीटरभर लांब-रुंद, ताठ वेल्डेड जाळीचा एक पिंजरा पट्ट्यात उपडा ठोकून ठेवा. मार्चमध्ये आतल्या आणि बाहेरच्या गवताची उंची मोजा. फरक नसेल तर कुणी येत नाही. फरक असेल तर मातीत ठसे पाहा: भेकराचा खूर बकरीच्या खुराहून लहान आणि टोकदार असतो. बकरीचेच ठसे निघाले तर कूड कुठे मोडलाय ते आधी शोधा.